टिचकीचं दार आणि जीपचा दांडा

बाळांनो, एक सांगा. भरवसा कुणावर ठेवावा? ज्याचा आवाज मोठा, त्याच्यावर? की ज्याची मान उंच, त्याच्यावर?

घाई नको हं. मी एकदा घाई केली. उंच फेट्याचा एक माणूस बघितला आणि त्याच्याकडून पोतंभर नारळ घेतले. घरी आणून कानाशी हलवले. एकही नारळ बोलेना! सगळे कोरडे ठाक.

तर ऐका.

घाटाच्या पायथ्याशी एक गॅरेज. गॅरेजसमोर लाल माती. मातीत एक बीळ. बिळात टिचकी उंदरीण. बोटाएवढी. तिची चार पिल्लं. शेंगदाण्याएवढी.

एके सकाळी टिचकी खाऊ आणायला गेली. पिल्लं म्हणाली, "आई, लवकर ये. भूक भूक!"

टिचकी भुईमुगाची शेंग घेऊन आली. तुरुतुरु तुरुतुरु. बघते तर काय?

दार गायब!

दारावर चाक. एवढं मोठं काळं चाक. चाकावर जीप. उंच, उंच, उंच जीप!

जीप होती भोइटेकाकांची. डोंगर चढायचा म्हणून काकांनी ती उंच केली. स्प्रिंगा उंच. चाकं उंच. पोटाखालचा दांडा मात्र जुनाच ठेवला. तो दांडा फिरतो, तेव्हा चाक फिरतं. आता जीप गेली वर. दांडा पुरेना! खड खड खड... ठण्ण! दांडा निसटला. जीप थांबली, ती नेमकी टिचकीच्या दारावर.

आतून आवाज आला, "चीं चीं! भूक भूक!"

टिचकीने शेंग काखेत धरली. ती जीपला म्हणाली,
"जीपबाई, जीपबाई, सरका ना!
दार उघडेना,
पिल्लं माझी उपाशी!"

जीप म्हणाली, "पोंऽऽ! कशी सरकू गं? आधी दांडा बसू दे, मग मी सरकते. जा!"

निघाली टिचकी. तुरुतुरु तुरुतुरु.

गॅरेजात याकूबमिस्त्री चहा पीत होते. फुर्रर्र. फुर्रर्र.

"मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, दांडा बसवा ना!
जीप सरकेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी उपाशी!"

मिस्त्री हसले. "पाय लांब केले, विजार तीच ठेवली! असं झालंय भोइटेकाकांचं. जुना दांडा आखूड पडतो, टिचके. लांब दांडा हवा. तो होतो गोदामावशीच्या लेथवर. आधी लेथ फिरू दे, मग मी दांडा बसवतो. जा!"

निघाली टिचकी. तुरुतुरु तुरुतुरु.

शेजारी गोदामावशीचं दुकान. दुकानात मोठा लेथ. लोखंड गरगर फिरवतो आणि छान कापतो. पण आज लेथ गप्प.

"गोदामावशी, गोदामावशी, लेथ फिरवा ना!
दांडा बसेना,
जीप सरकेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी उपाशी!"

मावशी म्हणाली, "कशी फिरवू बाई? लेथच्या पट्ट्यावर बोका झोपलाय. उठवायला गेले तर हा बघ ओरखडा! आधी बोका उठू दे, मग मी लेथ फिरवते. जा!"

निघाली टिचकी. आता मात्र हळू. तुरु... तुरु... तुरु...

बोका! जाडजूड बोका! घुर्र घुर्र, घुर्र घुर्र. टिचकी डब्यामागे लपली.

"बोकेमामा, बोकेमामा, उठा ना!"

बोक्याने एक डोळा उघडला. "कोण गं? ऐकू येत नाही. जरा जवळ ये."

"नको मामा. मी मोठ्याने सांगते!
लेथ फिरेना,
दांडा बसेना,
जीप सरकेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी उपाशी!"

"पिल्लं? कुठं आहेत पिल्लं?"

"ते नाही सांगायचं!"

बोक्याने जांभई दिली. "आऽऽऊ! मग आधी दूध मिळू दे, मग मी उठतो. जा!"

बघा हं. काम नको असलं की प्रत्येक जण दुसऱ्याचं दार दाखवतो. बाजारात हे रोज चालतं. टिचकी काय करणार?

निघाली टिचकी. तुरुतुरु तुरुतुरु.

दुकानामागे डबकं. डबक्यात मावशीची म्हैस. डुबुक डुबुक.

"म्हशीबाई, म्हशीबाई, दूध द्या ना!
बोका उठेना,
लेथ फिरेना,
दांडा बसेना,
जीप सरकेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी उपाशी!"

म्हैस म्हणाली, "हम्म्म! पाठीवर किडे चावतात गं. खाज खाज खाज! अशात दूध कुठलं? आधी बगळा येऊ दे, मग मी दूध देते. जा!"

निघाली टिचकी. तुरुतुरु तुरुतुरु.

बांधावर काटेरी झुडूप. झुडपाशी बगळा. एका पायावर उभा. फड फड, फड फड.

"बगळोबा, बगळोबा, या ना!
म्हैस दूध देईना,
बोका उठेना,
लेथ फिरेना,
दांडा बसेना,
जीप सरकेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी उपाशी!"

बगळा म्हणाला, "मला हौस आहे का गं इथं उभं राहायची? पतंगाचा दोरा पायात अडकलाय. आधी दोरा सुटू दे, मग मी येतो."

टिचकी दोऱ्याकडे वळली. कमरेवर हात ठेवले.

"दोरेबुवा, दोरेबुवा, सुटा ना!
बगळा येईना,
म्हैस दूध देईना,
बोका उठेना,
लेथ फिरेना,
दांडा बसेना,
जीप सरकेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी उपाशी!"

दोरा काही बोलेना.

टिचकीने इकडे बघितलं. तिकडे बघितलं. आता कुणाकडे जायचं? कुणीच नाही!

बगळा म्हणाला, "दोऱ्याला तोंड नाही गं. तुला आहे ना?"

अगंबाई! तोंड आहे! तोंडात दात आहेत!

टिचकीने शेंग खाली ठेवली. दोरा दातात धरला.

कुट! कुट! कुट! कुट!

टप्प!

दोरा तुटला. बगळा सुटला. फड फड फड!

टिचकीने शेंग पुन्हा काखेत धरली. बगळा म्हशीच्या पाठीवर बसला. टिप टिप टिप. किडे गट्टम!

म्हैस खूश झाली. गोदामावशीने बादली आणली. चुळ्ळ चुळ्ळ, चुळ्ळ चुळ्ळ. दूध आलं.

वाटीभर दूध बोक्याला. बोका उठला. लप लप लप. वाटी चाटूनपुसून साफ!

मग बोका म्हणाला, "आता तुला खाऊ का गं, टिचके?"

टिचकी म्हणाली, "खा ना मामा. पण मिशीला साय लागलीय. ती आधी खा. वाळून जाईल."

"कुठं? कुठं?" बोका मिशी चाटायला लागला. डावी मिशी. उजवी मिशी.

तेवढ्यात टिचकी पसार! तुरुतुरु तुरुतुरु!

लेथचा पट्टा मोकळा झाला. मावशीने बटण दाबलं. गर्रर्र गर्रर्र! लांब दांडा झाला. जाड दांडा झाला. सरळ दांडा झाला.

मिस्त्रीकाका जीपखाली शिरले. बाहेर नुसते दोन पाय! खट खट. खट खट. ग्रीस लावलं. पिचिक! बोल्ट आवळले. करकच्च!

"बसला दांडा! काका, चावी फिरवा!"

भोइटेकाकांनी चावी फिरवली. घुर्रर्र! दांडा फिरला. चाक फिरलं. जीप सरकली. खडखड नाही की ठणठण नाही.

आणि मातीत दिसलं एक इवलंसं भोक.

दार उघडलं!

एक पिल्लू आलं. दोन आली. तीन आली. चौथं कुठं? चौथं दारातच अडकलं! आईने कान धरून ओढलं. टुप्प!

टिचकीने शेंग फोडली. कट्ट! पिल्लं खाऊ लागली. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम.

बाहेर मात्र भांडण जुंपलं.

जीप म्हणाली, "पोंऽऽ! मी सरकले, म्हणून दार उघडलं!"

मिस्त्री म्हणाले, "वा गं वा! दांडा कुणी बसवला?"

मावशी म्हणाली, "आणि लेथ कुणी फिरवला?"

बोका म्हणाला, "मी उठलो, म्हणून फिरला!"

म्हैस म्हणाली, "हम्म्म! दूध कुणाचं?"

बगळा म्हणाला, "आणि किडे कुणी खाल्ले?"

टिचकीचं नाव कुणी काढेना. तिचं लक्षच नव्हतं. ती चौथ्या पिल्लाची मिशी पुसत होती.

म्हणून बाळांनो, हे काम तुमच्याकडे. हात पुढे करा. एकेक बोट धरा. कुणी काय केलं, ते नीट मोजा. उंच दिसला म्हणून कुणाला दोन बोटं द्यायची नाहीत. बारीक दिसली म्हणून कुणाला गाळायचं नाही.

हिशोब खरा ठेवा हं.

सांगा, पहिलं बोट कुणाचं?