मोकळ्या रस्त्याचा राजा

फार जुन्या काळची ही गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं आणि तिथला राजा नुकताच गादीवर बसला होता. वय विशीच्या आसपास. अंगात उत्साह भरपूर, आणि मनात एकच आठवण घर करून बसलेली.

ती आठवण होती एका रस्त्याची.

तो लहान असताना त्याचे वडील, म्हणजे थोरले महाराज, दर बाजारच्या दिवशी त्याला आपल्यापुढे घोड्यावर बसवून देवीच्या देवळात जात. वाट बाजारातून जायची. काय तो बाजार! कोंबड्या फडफडत, कासार हाका मारत, बायका भाव करता करता महाराजांना हसून रामराम घालत. बाजाराच्या शेवटी एक वळण होतं. ते इतकं अरुंद, की लादलेला बैल आणि घोडा तिथून एकाच वेळी जाऊ शकत नसत. तिथे गावाचा एक जुना रिवाज होता. ज्याच्याकडे ओझं असेल त्याने आधी जायचं, मोकळ्या माणसाने थांबायचं.

थोरले महाराज तिथे हमखास घोडा बाजूला घेत. एकदा राजपुत्राने विचारलं, "आबासाहेब, आपण राजे ना? मग आपण का थांबायचं?"

"बाळ, त्या बाईच्या डोक्यावर पाण्याच्या दोन घागरी आहेत. माझ्या डोक्यावर नुसता मंदील आहे. तो काही सांडत नाही."

त्या वळणावर एका भडभुंजिणीची भट्टी होती. तापलेल्या वाळूत ती हरभरे भाजायची आणि फुटाणे विकायची. महाराज थांबले की ती लगबगीने उठे. "ओंजळ कर रे राजा, सांडू नगंस!" म्हणत मूठभर गरम फुटाणे त्या पोराच्या हातात ओती. हात भाजत, तो ओरडे, ती हसे, आणि घागरीवाली पुढे निघून जाई. राजपुत्राला वाटे, हे वळण आणखी थोडं अरुंद असतं तर किती बरं झालं असतं!

आठव्या वर्षी त्याला सरहद्दीवरच्या मामांकडे शिकायला पाठवलं. तिथे बारा वर्षं गेली. थोरले महाराज देवाघरी गेले तेव्हा तो परत आला, आणि गादीवर बसल्यानंतरच्या पहिल्याच बाजारच्या दिवशी म्हणाला, "घोडा काढा. आम्ही देवळात जाणार."

आता इथे कोतवालाची ओळख करून द्यायला हवी. कोतवाल वाईट माणूस नव्हता. त्याला आपल्या कामाचा फार उत्साह होता, एवढाच त्याचा दोष. नव्या राजाची स्वारी पहिल्यांदाच निघायची, म्हणून त्याने दोन घटका आधीच शिंग फुंकायला लावलं. प्रत्येक बोळात, रस्त्यावरून दिसणार नाही इतक्या आत, दोर बांधले. माणसं, गुरं, गाड्या सगळ्यांना दोरांमागे लोटून भिंतीकडे तोंड करून उभं केलं. दुकानांच्या फळ्या लावल्या. राजाच्या डोळ्यांत धूर जायला नको म्हणून चुलीभट्ट्यांवरही पाणी ओतलं. मग पुढे वीस स्वार, मध्ये राजा, मागे वीस स्वार अशी स्वारी निघाली. आणि राजाने मागे वळून पाहायचं नाही, ते शोभत नाही, असा एक नियमही त्याने स्वतःच्या अकलेने काढला.

राजाने त्या दिवशी उजव्या हातातला हातमोजा घरीच ठेवला होता. फुटाण्यांसाठी.

पण रस्ता ओस होता. टापांखेरीज आवाज नाही. एक कुत्रं आडवं गेलं, तर त्याच्याही मागे दोन शिपाई धावले. वळणावर भट्टी होती. पण ती विझलेली आणि जवळ कोणी नाही.

"कोतवाल, माणसं कुठे आहेत?" राजाने विचारलं.

कोतवालाला वाटलं, एखादा चुकून राहून गेला की काय याची महाराजांना काळजी पडली आहे. तो छाती फुगवून म्हणाला, "एकही नाही, महाराज. निश्चिंत असा."

राजा खट्टू झाला. आपण बारा वर्षं आलो नाही म्हणून लोक रागावले असतील, असं त्याला वाटलं. आबासाहेबांवर त्यांचा जीव होता, आपल्यावर नाही. मग आपणच त्यांच्याकडे वरचेवर जायला हवं.

झालं! आठवड्यातून एकदा निघणारी स्वारी रोज निघू लागली. राजाला रस्ता इतका आवडतो हे पाहून कोतवालाने शिंग आणखी एक घटका आधी वाजवायला सुरुवात केली आणि स्वार दुप्पट केले. दोरांमागे गवळ्यांचं दूध नासू लागलं. एका नवरीचा मुहूर्त तिथेच उभ्याउभ्या टळला. राजा जितका माणसांना शोधायला बाहेर पडे, तितकी माणसं त्याच्यापासून दूर लोटली जात. शेवटी गाडीवाले कंटाळले आणि डोंगराला वळसा घालून शेजारच्या राज्यातल्या बाजाराला जाऊ लागले. जो रस्ता घटकाभर ओस दिसे, तो हळूहळू खरोखरच ओस पडू लागला.

असं वर्ष गेलं. राजा खंगला. उजवा हात मात्र तो अजून मोकळा ठेवत असे.

एके दिवशी स्वारी वळण ओलांडून थोडी पुढे गेली आणि मागून वाऱ्याची झुळूक आली. तिच्याबरोबर एक वास आला. गरम वाळूचा, खरपूस हरभऱ्याचा. राजाने लगाम खेचला.

"महाराज, मागे बघायचं नसतं!" कोतवाल ओरडला.

राजाने बघितलं.

मागे दोर सुटले होते आणि बोळाबोळांतून माणसं भराभरा रस्त्यावर येत होती. डोक्यावर टोपल्या, कडेवर पोरं, गाड्यांची चाकं, कोंबड्या, भांडणं, हाका. तोच तो बाजार! थोडा विरळ, थोडा थकलेला, पण तोच. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने घोडा फिरवला आणि एकटाच दौडत मागे गेला.

"राजा आला रे!" कोणीतरी ओरडलं. क्षणात पळापळ झाली. माणसं आपणहून बोळांत शिरली, त्यांनी स्वतःच्याच हातांनी दोर पुन्हा बांधले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. राजासमोर पुन्हा मोकळा रस्ता उरला. इतकं वाईट त्याला वर्षभरात कधी वाटलं नव्हतं.

वळणावर फक्त एक म्हातारी बसून होती. गुडघ्यांमुळे तिला पळता आलं नाही. पाठीमागे सामानाने भरलेली बैलगाडी उभी होती, आणि समोर भट्टीतून ओला धूर निघत होता.

राजा खाली उतरला. "आजी, मला ओळखलंत?"

"कसं वळखावं म्हाराज? तुमी येता तवा आमाला भिंतीकडं त्वांड कराया लावत्यात."

राजा तिच्यासमोर वाकला. त्याने फक्त ओंजळ पुढे केली.

म्हातारी त्या ओंजळीकडे बघत राहिली. मग तिचा आवाजच बदलला. "आगं बया! थोरल्या म्हाराजांचा ल्योक तू! किती वाट बघितली रं तुजी."

"मी रोज आलो, आजी. तुम्हीच नव्हता."

"मी कुठं जाती? त्या दोराच्या मागं हुभी व्हते की. तू आलास का माजी भट्टी इझवत्यात."

तिने कढईतून मूठभर फुटाणे काढून त्याच्या हातात घातले. "पर कच्चं लागतील हां. आच मधीच गेली का हरभरा आखडून बसतो. मग किती बी भाजा, फुलत न्हाई. शेवटली कढई व्हती, ती बी अशी गेली."

"शेवटली का?"

"लेकीकडं चालले, बाबा. रोज निम्मा माल असाच वाया. गिऱ्हाईक डोंगरापल्याड गेलं. प्वाट तर भराया पायजे ना?"

"थांबा आजी. उद्यापासून शिंग वाजणार नाही. मी शब्द देतो."

म्हातारीने त्याच्या गालावरून खरखरीत हात फिरवला. "त्ये ब्येस करशील. पर माजी गाडी भरली. लेक वाट बघत आसंल. ह्या वयात दोनदा बिऱ्हाड हलवायचं बळ न्हाई रं."

राजाने एक फुटाणा तोंडात टाकला. तो दगडासारखा कडक होता. वर्षभर तो ज्या चवीला शोधत होता, ती त्याच्याच शिंगाने विझवली होती. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

इतक्यात कोतवाल सगळे स्वार घेऊन धापा टाकत आला. म्हातारीची गाडी निघाली होती आणि वळणात स्वारांच्या समोर येऊन अडकली. "बाजूला घ्या ती गाडी! महाराजांची स्वारी आहे!" सवयीने तो गरजला.

"कोतवाल," राजा म्हणाला, "तुम्ही बाजूला व्हा. त्यांच्या गाडीत सगळं बिऱ्हाड आहे. माझ्याकडे मूठभर फुटाणे आहेत."

सगळे स्वार भिंतीला टेकले. राजा घोड्याचा लगाम धरून कडेला उभा राहिला, अगदी थोरले महाराज उभे राहत तसा. गाडी कुरकुरत निघून गेली. बोळांतली माणसं हळूच पुढे सरकली आणि त्यांनी ते पाहिलं.

त्या दिवसापासून शिंग आणि दोर कोठारात गेले. कोतवालाला त्याच वळणावर नेमलं. ओझेवाल्यांना आधी वाट करून द्यायची, हे त्याचं काम. ते त्याने तितक्याच उत्साहाने केलं, हेही सांगायला हवं. गेलेल्यांपैकी काही जण परतले, काही कधीच परतले नाहीत. बाजार पुन्हा गजबजला. राजा वळणावर थांबला की कोणी पेरू देई, कोणी नुसतंच हसे. पुढे तिथे नवी भट्टीही लागली. तिथले फुटाणे खमंग असत.

राजा ते आवडीने खाई. पण त्याच्या कमरेच्या शेल्यात जन्मभर एक कडक, न फुललेला हरभरा बांधलेला असे.

तात्पर्य: ज्याच्यासाठी सगळा रस्ता मोकळा केला जातो, त्याला रस्त्यात भेटायला कोणी उरत नाही.