वाकून पेरायची रीत

"सुनेनं माहेराहून आणलं काय, तर उभ्यानं बी टोकायचा दांडा! कंबर वाकवायला नको बाईसाहेबांना." यादवराव ओसरीवर पाहुण्यांना सांगत होते आणि आत चहा गाळणाऱ्या प्रणिताच्या कानावर ते अख्खं पडलं.

ते टोकणयंत्र तिला आईनं दिलं होतं. माहेरी आई ते रोवत ताठ चालायची, चालता चालता लेकीशी हसायची. इथं भुईमूग टोकताना दिवसभर कुणाचं तोंड म्हणून दिसायचं नाही, नुसत्या वाकलेल्या पाठी. शेजारच्या सरीत सासूची, आत्याबाईंची, पाठही तशीच. आईची आठवण आली की प्रणिताला वाटे, एकदा तरी आत्याबाईंना तसं ताठ चालताना बघावं. पण यंत्र माळ्यावर जाऊन पडलं होतं.

ती चहा घेऊन बाहेर आली, तेव्हा एक पाहुणा विचारत होता, "पण अण्णा, त्या यंत्रात वाईट काय?"

यादवरावांनी मिशीवरून हात फिरवला. "धरणीमाय आहे ती. तिच्यापुढं वाकूनच पेरावं, तर ती पदरात टाकते. आमच्या घरची रीत आहे ही. काय गं सूनबाई?"

कधी न बोलणारी प्रणिता कपबशी ठेवत म्हणाली, "खरंय, मामा. उद्या बैलांमागं बाजरी पेरायची तिफण तुम्ही धरणार आहात, तीही उभ्यानं नको, वाकूनच धरा. सांजेपर्यंत वाकून चाललात, तर मी माझा दांडा पुन्हा मागणार नाही. नाहीतर आत्याबाईंपुरता तेवढा माळ्यावरनं काढून द्या."