गप्प केलेली चाचणी

“विचारलंत मला? एकदा तरी विचारलंत, मास्तर?”

चपला काढायच्या आधीच शर्वाणीने हे विचारून टाकलं. खांद्यावर लॅपटॉप, कडेवर झोपलेली जुई. कोल्हापूरहून मिरजेपर्यंत एसटीत तिने हेच वाक्य वेगवेगळ्या आवाजात म्हणून पाहिलं होतं. एसटीत ते जास्त धारदार वाटलं होतं.

“आधी पोरीला आत ठेव,” मास्तर म्हणाले. “चटईवर. कडेला उशा लाव.”

“तुम्हाला कसं कळलं ती आणलीय ते?”

“दुधाचा वास येतोय.”

मोरेश्वर कागवाडे मास्तरांना जन्मापासून दिसत नव्हतं. अंध मुलांच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं. उरलेल्या वेळात कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या, जगभरच्या माणसांनी मिळून सांभाळलेल्या एका ऑपरेटिंग सिस्टिमची पॅकेजेस, म्हणजे तिच्यात बसवायच्या प्रोग्रॅमचे गठ्ठे, सांभाळली. पडद्यावरचं सगळं मशीन त्यांना वाचून दाखवायचं. शर्वाणीला हे काम त्यांनीच शिकवलं होतं. पहिलं पॅकेजही त्यांनीच तिच्या हाती दिलं होतं: आकड्यांचे मराठी शब्द करणारी एक लहानशी लायब्ररी. वाचून दाखवणारं ते मशीन या लायब्ररीच्याच जिवावर मराठी आकडे बोलायचं.

जुईला आत निजवून शर्वाणी बाहेर आली, ती तशीच तापलेली.

“माझं पॅकेज आहे ते.”

“आहे.”

“त्यात तुम्ही हात घातलात.”

“घातला.”

“आणि काय केलंत? माझी चाचणी बंद केलीत! बिघाड तसाच ठेवलात आणि बोंब मारणाऱ्याचं तोंड दाबलंत. वर लोक तुम्हाला धन्यवाद देतायत. अडकलेलं पॅकेज मार्गी लावलं म्हणे! मार्गी?”

मास्तरांनी हाताने खुर्ची दाखवली. ती धपकन बसली.

बिघाड लायब्ररीच्या मूळ लेखकाचा होता; शर्वाणी ती फक्त या सिस्टिमसाठी बांधून सांभाळायची. हा गृहस्थ दूर कुठल्या तरी देशातला. मराठीचा त्याला गंध नाही. मराठी आकड्यांचा भलामोठा तक्ता त्याला गबाळा वाटला, म्हणून त्याने तो उडवून एक नियम बसवला. चारच्या पुढे नऊ आला की चाळीस घ्यायचे आणि त्याला ‘एकोण’ जोडायचं. झालं. एकोणपन्नासचे एकोणचाळीस झाले आणि एकोणसाठचे एकोणपन्नास. आकडे बरोबर बोलले जातात का हे आपोआप तपासणारी, शर्वाणीने फार पूर्वी लिहून ठेवलेली चाचणी त्या दिवसापासून रोज नापास होत होती.

तिने त्याला समजावलं. सभ्य भाषेत, उदाहरणं देऊन. त्याने उत्तर पाठवलं की तुमची भाषा अनियमित असेल तर तो माझ्या लायब्ररीचा दोष नाही.

“तुमची भाषा!” शर्वाणी आत्ताही तितकीच भडकली. “म्हणजे आम्हीच चुकीचे आकडे घेऊन जन्माला आलो!”

“मग तू काय केलंस?”

“मी का करायचं? चूक त्याची. म्हटलं, ओरडू दे चाचणीला. रोज नापास होऊ दे, सगळ्या जगाला लाल दिसू दे. कधीतरी लाज वाटेल त्याला.”

“वाटली?”

“…नाही.”

“तक्ता परत बसवायला तुला किती वेळ लागला असता?”

“प्रश्न वेळेचा नाहीये, मास्तर.”

“बरं.”

आतून जुईची कुरकुर ऐकू आली. शर्वाणीने मान वळवली, पण उठली नाही. “भूक नाहीये तिला. स्टँडवरच पाजलंय. रडेल थोडी… आणि तुम्ही मला एका शब्दाने विचारलं नाहीत.”

“दोनदा विचारलं.”

जुई झाल्यापासून कामाच्या मेल तिने ‘नंतर’ नावाच्या कप्प्यात पडतील अशी व्यवस्था केली होती. तो कप्पा ती उघडणारच होती. बाळ झोपलं की, कपडे वाळत घातले की, स्वतःची वेणी घातली की. काल उघडला तेव्हा वरच हे दिसलं. मास्तरांचा बदल, मुदतीच्या रांगेत उभा. दुसऱ्याच्या पॅकेजला हात लावला तर तो बदल काही दिवस रांगेत ठेवायचा, मालकाला हरकत घेता यावी म्हणून, ही त्यांची रीत. ही मुदत उद्या सकाळी संपत होती. आणि उद्या संध्याकाळपासून फ्रीज, म्हणजे नव्या बदलांना दार बंद. त्यानंतर आत असेल ते गोठणार आणि पुढची दोन वर्षं तसंच जगभर वापरलं जाणार.

“माझी चाचणी नापास होत होती, म्हणून तर ती बिघडलेली आवृत्ती दाराबाहेर उभी होती!” तिचा आवाज परत चढला. “पहारेकरी होता तो माझा.”

“नापास पॅकेज फ्रीजच्या वेळी काढून टाकतात. विसरलीस?”

“काढू देत की!”

“त्याच्यावर उभं असलेलंही मग जातं. माझं वाचणारं मशीन मराठीत मुकं होतं.”

“चुकीचं बोलण्यापेक्षा मुकं बरं!”

“हे डोळसांचं मत झालं,” मास्तर म्हणाले.

शर्वाणीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण इतक्या लांब येऊन माघार घ्यायची म्हणजे… “मग नीट दुरुस्ती करायची होतीत! तुम्हाला काय अवघड होतं? तक्ता तुम्हाला तोंडपाठ आहे. बाहेरून आलेल्याने तोंड दाबलं असतं तर मी समजू शकले असते. तुम्ही? आकड्यांचा मास्तर? शाळेतली ती पोरं एकोणपन्नास लिहिलेलं एकोणचाळीस ऐकणार, गणित चुकणार, आणि त्यांना वाटणार आपणच मठ्ठ! हे तुम्हाला…”

जुईचं रडणं आता चांगलंच वाढलं होतं. शर्वाणी त्याच्यावर आवाज काढून बोलत होती.

“…हे तुम्हाला चालतं? झोप लागते तुम्हाला? मी निदान खोटं तरी…”

रडणं थांबलं.

एकदम.

शर्वाणीचं वाक्य तिथेच तुटलं. ती उठली कधी, उंबरठा ओलांडला कधी, तिलाच कळलं नाही. वाटेतलं स्टूल आडवं झालं.

जुई उशांचा कोट ओलांडून दाराआडच्या कोपऱ्यापर्यंत रांगत गेली होती. तिथे टेकवलेली मास्तरांची पांढरी काठी तिने आडवी पाडली होती आणि तिच्या रबरी मुठीला तोंड लावून ती मन लावून चोखत बसली होती.

शर्वाणीने तिला उचलून घट्ट धरलं. मग तशीच बाहेर आली.

मास्तर होते तिथेच बसले होते. फक्त मान दाराकडे वळलेली.

“बरी आहे?”

“काठी खातेय तुमची.”

“खाऊ दे. धुतलेली आहे… रडत होती तोवर बसली होतीस.”

चाचणी रोज ओरडत होती तोवरही ती अशीच बसून होती, हे शर्वाणीला समजलं. समजलं म्हणून तर जास्त राग आला.

“हे नको हं, मास्तर. बाईमाणूस समोर आलं की तुम्हा सगळ्यांना पोराबाळांचेच दाखले सुचतात.”

“मी कुठे काय म्हणालो?”

“म्हणाला नाहीत. पण ऐकू आलं मला!”

“मग झालं तर.”

तिने सुस्कारा टाकला. जुईला मास्तरांच्या मांडीवर ठेवलं, जरा आदळल्यासारखंच. मग स्वतःलाच वाईट वाटून तिचं झबलं सारखं केलं. लॅपटॉप उघडला.

जुना तक्ता होता तसाच सापडला. मूळ लेखकाचा नियम तिने आपल्या पॅकेजपुरता बाजूला काढला, तक्ता परत बसवला, ‘एकोण’ न लागणाऱ्या नव्व्याण्णवला त्याची वेगळी जागा दिली. बदलाच्या नोंदीत त्या गृहस्थाबद्दल एक झणझणीत ओळ लिहिली. वाचली. पुसली. पुन्हा लिहिली आणि पुन्हा पुसली.

“काय खुडबुड चाललीय?”

“काही नाही. सौजन्य.”

मास्तर हसले. त्यांच्या मांडीवर जुईही हसली, कशाला ते तिलाच ठाऊक.

शर्वाणीने चाचणी चालवली आणि मशीनचा आवाज मोठा केला. सपाट, बिनभावाच्या सुरात ते म्हणू लागलं. एकोणतीस. एकोणचाळीस. एकोणपन्नास. एकोणसाठ…

मास्तर डोकं किंचित कलतं करून ऐकत होते. शाळेत एखाद्या पोराला पाढे म्हणायला लावल्यावर ऐकावं तसे. शेवटी मान हलवली.

तिने आवृत्ती पाठवून दिली. या नव्या आवृत्तीचा क्रमांक वरचा होता. त्यामुळे मास्तरांची रांगेतली आवृत्ती आता आपोआप बाद होणार होती. हेही रीतीप्रमाणेच.

काम इतकं लवकर झालं याचाच तिला संताप आला. एवढ्यासाठी कित्येक महिने? त्या माणसाने चूक कबूल केली नव्हती ती नव्हतीच. आणि मास्तरांनीही नाही.

“एक सांगा,” लॅपटॉप मिटत ती म्हणाली. “आणि सरळ सांगा. मी आज आले नसते, तर तुमची ती आवृत्ती तुम्ही मागे घेतली असतीत ना? शेवटच्या क्षणी तरी?”

“नाही.”

“म्हणजे उद्या आत जाऊ दिली असतीत? गोठू दिली असतीत?”

“हो.”

“आणि दोन वर्षं तुमच्याच कानावर ते… मास्तर, रोज? रोज ऐकलं असतंत ते चुकीचं?”

जुईने त्यांचं बोट धरून तोंडाकडे ओढलं. त्यांनी ओढू दिलं.

“ऐकलं असतं,” मास्तर म्हणाले. “आणि दर वेळी वाटलं असतं, चाचणी गप्प करूनही आली नाही… शर्वाणी बरी आहे ना?”