दाताची भाकरी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते विचारू नका. पहाटे जातं फिरल्याशिवाय घरात भाकरी होत नसे, त्या काळातली.

काळ्या डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे एक टाकारी राहायचा. जात्याचा दगड दळून दळून गुळगुळीत झाला की छिन्नीने त्यावर बारीक टाकी लावायची, सैल झालेला खुंटा ठोकून बसवायचा, हे त्याचं काम. लोकांनी टाकलेली जुनी जाती विकत घ्यायची, नीट करायची आणि गरजवंताला विकायची, हा धंदाही त्याचाच. घरात तो, त्याची बायको आणि धाकटा भाऊ. धाकट्याच्या हाताला थोरल्याची सफाई नव्हती. पण माणूस असा लाघवी, की कुणाच्याही दारात गेला तर आत बोलावून बसवल्याशिवाय बायका त्याला सोडत नसत.

त्या मुलखात एक रीत होती. जातं विकणाऱ्याने त्याच्यावरच्या पहिल्या पिठाची पहिली भाकरी घेणाऱ्याच्या उंबऱ्यावर बसून खायची. कोरडी, सावकाश, चावून चावून. दाताखाली कच लागली तर जातं परत न्यायचं. नाही लागली तर मोठ्याने सांगायचं, "कच नाही." हिला म्हणत दाताची भाकरी. त्या दोन शब्दांवर विश्वास टाकून घरची बाई जातं ठेवून घ्यायची.

भावांच्या बापाने मरताना दोघांना जवळ बसवून एक गोष्ट बजावली होती.

"दगड भिजवून उन्हात ठेवा. सगळा वाळला आन् एक रेघ ओली राहिली, तर तो तडकलाय समजा. त्याच्यावर माणसाचं अन्न दळायचं नाही. ओढ्यावर नेऊन टाका, बाया धुणं धुतील."

बापाच्या हयातीत असे चार-पाच दगड ओढ्यावर गेले होते. दगड वाया गेला म्हणून तो कधी हळहळला नाही.

पुढे एका उन्हाळ्यात डोंगरापलीकडचं एक गाव वणव्यात जळालं. तिथल्या लोकांनी उरलंसुरलं विकून दुसरा मुलूख धरला. थोरल्याने होतं नव्हतं ते घालून त्यांची चाळीस जाती विकत घेतली आणि गाड्या भरून घरी आणली. दगड भिजवले, उन्हात मांडले. ऊन चढलं, दगड वाळले, आणि प्रत्येक दगडावर एक ओली रेघ तशीच राहिली. आगीने सगळे तडकले होते.

धाकटा म्हणाला, "दादा, आता एवढे दगड ओढ्यावर न्यायचे म्हणजे आठ दिवस जातील."

थोरल्याने मनात हिशोब मांडला. ओढ्यावर दगड टाकायचे म्हणजे घरदार त्यांच्याबरोबर टाकल्यासारखंच होतं.

तिसऱ्या दिवशी तो नदीकाठच्या कोळ्यांकडे गेला आणि जाळ्याला बांधतात त्या शिशाच्या गोळ्या टोपलीभर घेऊन आला. लोखंडी पळीत शिसं वितळवलं, फटींमध्ये ओतलं, वरून दगडाची भुकटी घासली आणि टाकी लावली. काम इतकं बेमालूम झालं की ते करणारा हातही दुसऱ्या दिवशी फट शोधत बसला असता. कारागिरी मोठी होती, यात शंका नाही. कशासाठी वापरली, एवढाच प्रश्न होता.

धाकट्याने विचारलं, "दादा, बाबांनी तर असा दगड वापरायचा नाही म्हणून सांगितलं होतं."

"बाबांना शिसं ओतायची युक्ती ठाऊक नव्हती. कच लागली तर परत आणू की."

कच लागली नाही. शिसं मऊ. ते कच होऊन दाताखाली येत नाही, गुपचूप पिठात घासून जातं. थोरल्याने दहा घरांच्या उंबऱ्यांवर दहा भाकऱ्या खाल्ल्या आणि दहा वेळा मोठ्याने सांगितलं, "कच नाही." बायका खूश झाल्या.

अकराव्या जात्याच्या आदल्या दिवशी त्याच्या पोटात कळ उठली. पोटात कुणी पीळ घालतंय अशी. दोन दिवसांनी थांबली. पुढच्या दोन दाताच्या भाकऱ्या खाल्ल्या, दोन्ही वेळा पुन्हा उठली. आपल्या घरच्या भाकरीने ती कधी उठत नव्हती, कारण घरात बापाचं जुनं, निकोप जातं होतं. थोरला मूर्ख नव्हता. त्याला कळायचं ते कळलं.

इथे, लेकरांनो, तो थांबू शकला असता. बारा घरी जाऊन "माझं चुकलं" म्हणायचं होतं. शिव्या बसल्या असत्या, चार दिवस मान खाली गेली असती. पण त्याने दुसराच मार्ग काढला. तो भावाला म्हणाला, "अरे, माझे दात आता हलतात. दाताची भाकरी यापुढे तू खात जा."

धाकट्याला केवढा आनंद झाला! आजवर तो ओझी वाहायचा. आता लोक त्याला उंबऱ्यावर घोंगडी टाकून बसवू लागले. तो एकेक घास मन लावून चावायचा, डोळे मिटून जिभेने चाचपायचा आणि हसून सांगायचा, "कच नाही, वहिनी. खुशाल दळा." अशा त्याने अठ्ठावीस भाकऱ्या खाल्ल्या, आणि गावात घराघरांत जुन्या झिजलेल्या जात्याच्या जागी ही जाती बसली. टाकी लावल्यावरच्या पहिल्या दळणातच शिसं सगळ्यांत जास्त घासून यायचं, आणि ते पहिलं पीठ दर वेळी त्याच्याच वाट्याला यायचं.

वर्ष उलटलं. गावातली पोरं पोट धरून बसू लागली. माणसांचे चेहरे पांढरेफटक पडले. ओढ्याजवळ राहणाऱ्या एका म्हातारीच्या नातीचा पाळणा रिकामा झाला. लोकांनी विहिरीला दोष दिला, वाऱ्याला दिला, देवीला नवस बोलले. जात्याला कुणीच दोष दिला नाही. जात्याची ग्वाही तर धाकट्याने दिली होती.

मग धाकट्याची मनगटं गळाली. हात पुढे केले की पंजे खाली लोंबायचे, छिन्नी धरवेना. त्याने अंथरूण धरलं.

वैद्य आला. त्याने पोट चाचपलं, हिरड्या पाहिल्या आणि थोरल्याला बाजूला घेऊन विचारलं, "गावात पोटं दुखताहेत, पण याच्याइतकं कुणाचं नाही. याच्या खाण्यात काही वेगळं येतं का? आठवून सांग. कळलं तर माणूस अजून वाचेल."

"नाही वैद्यबुवा," थोरला म्हणाला. "घरचीच भाकरी."

वैद्य म्हणाला, "मग ताजी भाकरी आणि तूप द्या. अंगात ताकद येऊ दे."

ही गोष्ट गावात पसरली आणि गाव हेलावलं. धाकट्यावर सगळ्यांचा जीव. दुसऱ्या दिवसापासून दारात पिठाच्या दुरड्या येऊ लागल्या. प्रत्येक घरातून ताजं, बारीक पीठ. प्रत्येक बाई म्हणायची, "त्यांनीच पारखून दिलेल्या जात्यावरचं आहे. त्यांना सांगा, लवकर बरे व्हा."

थोरला त्या दुरड्यांकडे बघत उभा राहिला. बायकोला म्हणाला, "भावाची भाकरी आपल्या जात्यावरच्या पिठाची कर."

"का हो? एवढं पीठ घरात आलंय. लोकांनी मायेने दिलंय, ते काय गुरांना घालू?"

थोरल्याने तोंड उघडलं. खरं सांगायला एक श्वास पुरला असता. बायको हातात परात घेऊन वाट बघत होती.

"बरं," तो म्हणाला, "राहू दे."

ती रोज भाकरी करायची आणि दिराचे हात चालत नव्हते म्हणून तुपात कुस्करून आपल्या हाताने भरवायची. थोरला दाराशी बसून बघायचा. सतराव्या दिवशी धाकट्याने त्याला जवळ बोलावलं. आवाज फार खोल गेला होता.

"दादा, एवढ्या घरांत मी कच नाही म्हणून सांगितलंय. खोटं तर नाही ना झालं माझ्या तोंडून?"

"नाही रे," थोरला म्हणाला.

धाकट्याने समाधानाने डोळे मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत.

तेरा दिवस झाले आणि थोरला हातोडा घेऊन घरोघर निघाला. "जाती फोडा," तो ओरडत होता. "त्यांच्यात शिसं आहे. मीच भरलंय." पण आता त्याचं ऐकतो कोण? लोक म्हणाले, दुःखाने याचं डोकं फिरलंय. बायका जात्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. "हात लावू नका. भावजींच्या दातांनी पारखलेलं आहे हे."

शेवटी ओढ्याजवळच्या त्या म्हातारीने आपलं जातं चौकात आणवलं. थोरल्याने तीन दगडांची चूल मांडली, जात्याची तळी, म्हणजे खालचा दगड, वर ठेवली आणि खाली जाळ केला. गाव गोळा झालं. बराच वेळ काही झालं नाही. मग दगडातून एक चकचकीत थेंब निखाऱ्यात पडला, त्यामागे दुसरा, आणि मग धार लागली.

म्हातारीने विचारलं, "हे विष आहे, हे तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"पोटात पहिली कळ आली तेव्हापासून."

"आन् आम्ही पीठ आणून देत होतो तेव्हा?"

गर्दीतून थोरल्याची बायको पुढे आली. ती आपल्या हातांकडे बघत होती. "मी भरवलं हो," ती म्हणाली. "माझ्या या हातांनी रोज भरवलं."

गावाने थोरल्याला मारलं नाही. सगळी जाती उचलून ओढ्यावर नेली. आता गावात एकच निकोप जातं उरलं, त्या भावांच्या बापाचं. सगळ्या घरांचं धान्य तिथे येऊ लागलं. थोरल्याची बायको पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत दळायची आणि नवऱ्याशी एक शब्दही बोलायची नाही.

चार महिन्यांत ते जातंही गुळगुळीत झालं. पीठ जाडंभरडं पडू लागलं. टाकी लावायला हवी होती. थोरल्याने छिन्नी उचलली आणि ती त्याच्या हातातून गळून पडली. त्याचीही मनगटं लोंबू लागली होती; ओतलेलं शिसं आणि त्या बारा भाकऱ्या त्याच्याही अंगात मुरल्या होत्या. टाकी लावणारा दुसरा गावात एकच होता, धाकटा, आणि त्याला जाऊन पाच महिने होत आले होते.

तात्पर्य: चूक वेळेवर कबूल केली तर नुसती मान खाली जाते, लपवून ठेवली तर माणूस जातो.