दोन धनुष्यांची पेटी

"...म्हणजे कडक पेटी न्यावी की मऊ पिशवी? एवढंच सांगा, बुवा."

यशोधन घार्गेने दोन्ही वस्तू मठाच्या ओसरीवर आणून ठेवल्या होत्या. एक त्याची जुनी कापडी पिशवी. दुसरी काळी, टणक, कुलपाची पेटी, मामांनी पुण्याहून पाठवलेली.

दिगंबरबुवा भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. मठात येण्याआधी ते फौजेत जवानांना तिरंदाजी शिकवायचे. आता कोयनेकाठच्या या टेकाडावर, मठामागच्या माळावर, येईल त्याला शिकवत.

"पिशवीनं काय बिघडवलं तुझं?"

"तुम्हाला माहीत आहे."

"तू सांग."

यशोधनला ते सांगणं जड गेलं. गेल्या वर्षी निवड चाचणीला जाताना रेल्वेत कुणीतरी त्याच्या पिशवीवर लोखंडी ट्रंक ठेवली. मैदानावर पोचून त्यानं धनुष्य जोडलं, दोरी ताणली, आणि धनुष्याचं वरचं पातं कडाडून मोडलं. पहिला बाणसुद्धा सुटला नाही.

तेव्हापासून पेट्यांशिवाय दुसरा विषय त्याच्या तोंडी नव्हता. कुठली उंचावरून पडली तरी फुटत नाही, कुणाच्या कड्या मजबूत, सगळं पाठ. सराव मात्र... सराव जरा मागं पडला होता.

"परवा चाचणीला जायची गाडी आहे," तो म्हणाला. "या वेळी तसं होऊन चालणार नाही."

"ठेव धनुष्य आत. कुलूप लाव."

यशोधननं धनुष्याचे भाग नीट पुसून पेटीत ठेवले. कुलूप लावलं.

बुवा उठले. मांडीवरची टरफलं झटकली. पेटी ओढत ओसरीच्या काठाशी नेली आणि पायानं ढकलून दिली.

पेटी दगडी पायऱ्यांवरून धडधडत अंगणात जाऊन पडली. आत काहीतरी खडखडलं.

यशोधन धावत खाली गेला, पेटीवरून हात फिरवला... आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"बघा बुवा! साधा पोचा नाही!"

"उघड."

त्यानं उघडली. पाती शाबूत होती. पण धनुष्य आपली जागा सोडून पार दुसऱ्या टोकाला गेलं होतं, आणि नेम धरायची साईट वाकडी झाली होती.

पेटी दोन धनुष्यांची होती. अर्धी रिकामी.

"फोम भरतो," तो घाईनं म्हणाला. "कपडे कोंबतो. सगळी पोकळी बुजवतो."

"बुजव." बुवा पुन्हा शेंगांपाशी बसले. "तस्लीम कसं नेणार आहे तिचं?"

मागच्या माळावरून लक्ष्यावर बाण रुतल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं आणखी एक.

तस्लीम मुलाणी त्याच्याबरोबरच शिकायला लागली होती. परवाच्या गाडीनं तीही निघणार होती. तिच्याकडे पेटी नव्हती, पिशवीही नव्हती. सोलापुरी चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, सबंध प्रवास ती बसून करायची.

"जागा एकच आहे, बुवा."

"पेटीत?"

"संघात."

"मी पेटीचं विचारतोय."

...

बुवांनी हाक मारली. तस्लीम आली. हनुवटीवर दोरीचा वळ, हातात धनुष्य, खांद्यावर ती चादर.

"त्याचे भाग सुटे कर, आणि ठेव यात," बुवा म्हणाले.

तिनं पेटीकडे पाहिलं, मग यशोधनकडे.

"नको बुवा. मांडीवर नेईन मी. सवय आहे."

तिच्या बोलण्यात ना राग होता, ना टोमणा. यशोधनला तेच लागलं. गेल्या वर्षी पातं मोडलं तेव्हा त्या भर मैदानात एकट्या तस्लीमनं आपलं धनुष्य त्याच्यापुढे धरलं होतं. तुझी पाळी झाली की मला दे, म्हणाली होती. त्यानं तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. सरळ चालत मैदानाबाहेर गेला होता. त्या दिवसाचं कुणाला सांगताना तो ट्रंकेचं सांगायचा. हे कधीच नाही.

बुवा शेंगा सोलत होते.

यशोधननं वाकडी साईट सरळ केली आणि आपलं धनुष्य पेटीत एका कडेला सरकवलं.

"ठेव," तो म्हणाला.

"नक्की?"

"ठेव ना."

तिनं आपलं धनुष्य सुटं केलं आणि चादरीसकट आत ठेवलं. दोघांनी मिळून झाकण दाबलं. यशोधन पेटी उचलून ओसरीवर घेऊन आला.

"आता तू ढकल," बुवा म्हणाले.

त्याचा हात थांबला. "तिचंही आहे आत."

"मग तिला विचार."

त्यानं तस्लीमकडे पाहिलं. पदक, निकाल, निवड यातलं काहीही त्या क्षणी त्याच्या डोक्यात नव्हतं. तिच्या धनुष्याला काही झालं तर काय, एवढंच होतं.

तिनं ओठ घट्ट मिटले. मग होकारार्थी मान हलवली.

त्यानं पेटी ढकलली.

दगडावर तसाच आवाज झाला. आतून मात्र काहीच ऐकू आलं नाही.

तस्लीमनं खाली जाऊन पेटी उघडली, दोन्ही धनुष्यांवरून बोटं फिरवली, झाकण लावलं. "ठीक आहेत," एवढं म्हणाली आणि लक्ष्यातले बाण काढायला माळावर निघून गेली.

यशोधन पायरीवर बसून राहिला. ती पुरती लांब जाईपर्यंत तिच्याकडे बघत होता.

"बुवा..."

"हं."

"माझ्या पेटीतून धनुष्य नेऊन तिनं मलाच हरवलं तर?"

बुवांनी एक शेंग फोडली. दाणे त्याच्या तळहातावर ठेवले.

"तर पेटी चांगली निवडलीस म्हणायचं."