सोंडाईची पालथी पाटी

समोरचा तो डोंगर बघा. वर सपाट, खाली पसरत गेलेला. एखाद्या बाईनं डोक्यावरची पाटी उतरवून पालथी घालावी, तसा दिसतो की नाही? म्हणून त्याला पाटीचा डोंगर म्हणतात. माथ्यावर सोंडाईचं ठाणं आहे आणि मी तिचा गुरव. चढण उभी आहे, तेव्हा आधी या पायरीवर जरा टेका. दम खाता खाता गोष्ट ऐका.

हा शुक्रवारचा बाजार तेव्हाही इथंच पायथ्याशी भरायचा. सीताफळांचा बाजार. आमच्या खडकाळ माळावर दुसरं पिकतंय काय! पण माल भरायची एक रीत पडून गेली होती म्हणे. तळाला पाला, पाल्यावर किडकी नि काळी पडलेली फळं, आणि वर डोळे उघडलेली टपोरी फळं अशी रचायची, की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. याला कुणी लबाडी म्हणत नसे. पाटी सजवणं म्हणत. आई लेकीला शिकवायची, सासू सुनेला. जिला ते जमत नसे, तिला अडाणी समजत.

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, हे खरंच. पण जग एकदा फसतं, दोनदा फसतं, मग दुसऱ्या बाजाराला जातं. खालच्या पेठेतली गिऱ्हाइकं येईनाशी झाली. फळं झाडाखालीच सडायला लागली. माकडं तेवढी खूश होती.

तेव्हा सगुणा नावाच्या बाईनं सोंडाईला नवस बोलला, "आई, बाजार पुन्हा भरू दे. हंगामाची पयली पाटी तुज्या पायाशी आणीन." सगुणाच्या घरची चूल याच फळांवर पेटायची आणि पाटी सजवण्यात तिचा हात धरणारी दुसरी बाई नव्हती. हंगाम आला. गावानं नवसाच्या दिवशी ढोल लावले, नैवेद्याचं जेवण घातलं आणि पेठेतल्या लोकांना हातापाया पडून बोलावलं. ते आले. आधी देवी बघू, मन झालं तर फळं घेऊ, असं म्हणाले.

वाजतगाजत सगळे डोंगर चढले. पुढं सगुणा, डोक्यावर पाटी. देवीसमोर आल्यावर तिनं पाटी उतरवायला हात वर केले, तर पाटी हलेना. दोघा गड्यांनी ओढून पाहिली, चौघांनी ओढून पाहिली. सगुणाची मान आखडली, पण पाटी जागची सुटेना, असं सांगतात.

तेव्हाचा गुरव, म्हणजे आमचाच कुणी खापरपणजोबा, त्यानं विचारलं, "सगुणे, काय भरलंयस गं हिच्यात?"

"सीताफळं. दुसरं काय आसनार?" ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिचा चेहरा उतरला.

पहाटे शेजारणीशी गप्पा मारत तिनं पाटी भरली होती. तोंड गप्पांत होतं आणि हात आपला रोजच्या वळणानं चालला होता. तळाला पाला, पाल्यावर किडकी, वर टपोरी. देवीच्या पाटीतसुद्धा!

आता बोलावं, तर समोर पेठेची माणसं उभी. बाजाराची उरलीसुरली आशाही जायची, आणि घरची चूल विझायची. न बोलावं, तर पाटी डोक्यावर घेऊनच जन्म काढायचा. गावच्या बायका डोळे वटारून खुणावत होत्या, गप बस म्हणून. माझ्या मनात येतं, त्या घटकेला देवीपेक्षा त्या बायकांचीच तिला जास्त भीती वाटली असेल.

तरी ती बोलली. "आई, तुलाबी फशिवलं गं म्या! मुद्दाम न्हाई, हाताला तसंच वळान लागलंय. तळाची समदी किडकी हायेत." मग पेठेच्या लोकांकडे वळून म्हणाली, "आन तुमास्नीबी म्या आसंच इकलंय."

त्यासरशी पाटी फुलासारखी हलकी झाली म्हणे. सगुणानं ती सगळ्यांदेखत पालथी घातली. किडका माल वर, चांगला खाली.

मग पेठेतली एक म्हातारी पुढं आली, फतकल मारून बसली आणि फळं निवडू लागली. "आजपातूर वरचं बगून घेतलं आन घरी जाऊन शिव्या घातल्या. आज खालचं आदी बगितलं. दे बाई, आता वरचं ग्वाड लागंल."

कुणी म्हणतात, ती म्हातारी साक्षात सोंडाई. कुणी म्हणतात, पेठेतली सर्वांत खाष्ट सासू. मी वाद घालत नाही. ज्यांच्या घरी सासू आहे, त्यांना दोन्हींत फार फरक वाटत नाही. तिचं बघून बाकीचेही भाव विचारायला लागले. तशा गावच्या बायका धावत डोंगर उतरल्या आणि त्यांनी आपापल्या पाट्या पालथ्या घातल्या. दिवस मावळेपर्यंत बाजार उठला नाही. सगुणाची पाटी मात्र वर तशीच राहिली आणि सकाळी बघतात तो काय, अख्ख्या डोंगरानं तिचं रूप घेतलेलं!

आजही या बाजारात पाटी आधी गोणपाटावर पालथी होते, मगच भावाचं बोलणं. सोयरीक जुळवतानाही आम्ही मधे रिकामी पाटी पालथी ठेवतो आणि दोन्हीकडच्यांनी आपापल्या लेकराचा एक दोष आधी सांगायचा असतो. माझ्या आईनं सांगितलं होतं, "पोरगं गुनाचं हाय, पर बोलाय लागलं की थांबत न्हाई." तरी हिनं होकार दिला. ती काय, समोर सीताफळं घेऊन बसलीय, माझी अनसूया. गोष्ट संपली की तिची हाक येतेच.

"अवं, गोष्टीची पाटीबी पालथी करा की पाव्हण्यांम्होरं!"

करतो, बाई. तर पाहुणे, तळाचं असं आहे. डोंगर आधीपासूनच असा आहे, सगुणाच्या आजीनंही तो असाच पाहिला असणार. त्यानं रूप घेतलं वगैरे हे मी वर रचलेलं टपोरं फळ. पाटी डोक्याला चिकटली, तेही मी पाहिलेलं नाही. पण बाई सगळ्यांसमोर बोलली, एवढं खरं धरा. ती गप्प बसली असती, तर आज हा बाजार इथं दिसला नसता.

आता वर जाऊन दर्शन घेऊन या. उतरताना फळं न्या. आणि हो, डाव्या हाताच्या ढिगातली अजून कच्ची आहेत, असं तिनं मला तुम्हाला आधीच सांगायला लावलंय.