धुळाईचं पुस्तक

माणसांनी गावं वसवली नव्हती, तेव्हाची गोष्ट. माळावर एक साळिंदर राही. आपल्याच काट्यांनी पळसाच्या पानांवर अक्षरं कोरून तो पुस्तकं काढत असे. त्याच्यासाठी मैनेनं एक जुनं पुस्तक वाळवीच्या भाषेतून मुंग्यांच्या भाषेत आणलं. ऐन उन्हाळ्यातही आत गारवा राहील असं वारूळ कसं बांधावं, हे धुळाई नावाच्या वाळवीनं त्यात लिहिलं होतं.

साळिंदर म्हणाला, "मैनाताई, काम झकास झालंय. फक्त धुळाईचं नाव गाळू. मुंग्या वाळवीची शिकार करतात. तिचं पुस्तक त्या घ्यायच्या नाहीत."

"लिहिलंय तिनं," मैना म्हणाली. "नाव गाळणार असाल, तर माझी पानं परत द्या."

साळिंदरानं कुरकुरत नाव घातलं. एकाही मुंगीनं पुस्तक नेलं नाही. आपल्या हट्टापायी चांगलं पुस्तक वाया गेलं, असं मैनेला वाटत राहिलं.

पुढे ऊन इतकं तापलं की मुंग्यांची अंडी बिळातच सुकू लागली. तेव्हा त्यांची मुकादमीण गुपचूप येऊन पुस्तक घेऊन गेली. त्यात सांगितलं होतं तसं मुंग्यांनी बांधलं आणि उरलेली अंडी वाचली.

मग एका सकाळी मुंग्यांची रांग वाळवीच्या वारुळाकडे निघालेली मैनेला दिसली. वाळवीनं घाईघाईनं दारं लिंपून घेतली. मैना जवळच्या बाभळीवर येऊन बसली.

मुकादमीण दाराशी थांबली.

"धुळाईंच्या घरचं कुणी आहे का आत?" तिनं विचारलं. "छपराचं प्रकरण आम्हाला नीट कळलं नाही."